मेणाचा थेंब

तुळशीरामनं ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि चटका बसायच्या आधीच सवयीनं ओढून घेतलं. पण चटका बसलाच नाही. त्यानं पुन्हा बोट ठेवलं. पत्रा कोमट होता, ताटात विसरलेल्या भाकरीसारखा.

"कोनीतरी टेप लावला," तो रिकाम्या घराला म्हणाला.

दुसऱ्या कुणाला हे उलटंच वाटलं असतं. यंत्र चाललं की तापतं आणि बंद ठेवलं की निवतं, एवढं तर लेकरालाही कळतं. पण हा शंट रेग्युलेटर होता, विजेचा दाब एकसारखा ठेवणारा, तुळशीरामनं स्वतः घडवलेला. तांब्याच्या पाटीवर त्यानं शाईनं वाटा आखल्या होत्या, आम्लाच्या तबकात ती पाटी डुलवत बसला होता, हातड्रिलनं एकेक भोक पाडलं होतं. याची रीतच न्यारी. आलेल्या विजेतली टेपला लागेल तेवढी टेपला द्यायची आणि उरलेली सगळी आपल्या अंगावर जाळायची. टेप गात असला की हा निवायचा. टेप मुका झाला की सगळा भार याच्या एकट्याच्या ट्रान्झिस्टरवर, मग हा अंगावरच्या पत्र्यासकट तापायचा.

वीजखात्यात तीस वर्षं खांबावर चढलेल्या तुळशीरामचा नेम होता, नवी वस्तू आठ दिवस अखंड चालू ठेवायची, मगच तिच्यावर भरवसा टाकायचा. म्हणून रेग्युलेटरचा हा बोर्ड चालू होता, टेप जोडलेला पण बंद. पांढुर्ण्याच्या भोवती संत्र्याच्या बागांमधल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा मिचमिचायचा आणि टेपमध्ये भुंगा गुणगुणायचा. तो भुंगा मारायलाच हा सगळा खटाटोप होता.

आणि खटाटोप एका कॅसेटसाठी होता. बायको शांताबाई जात्यावर ओव्या म्हणायची, तेव्हाची ती कॅसेट. दोन वर्षांमागं तिच्या गळ्यातली गाठ काढली. जीव वाचला, आवाज गेला. आता ती बोलायची ती नुसत्या श्वासानं, सुपातून कोंडा उडावा तसं. तिचा आवाज जगात आता त्या फितीवरच उरला होता. फीतही जुनी, दर खेपेला तिची भुकटी टेपच्या तोंडाशी लागायची. अजून पाच-सात वेळा वाजली तर वाजली. बोर्ड पक्का झाला की एकदाच, स्वच्छ वाजवून मोबाईलमध्ये उतरवून घ्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. तोवर कुणी हात लावायचा नाही.

त्यानं कपाटातला स्टीलचा डबा उघडला. कॅसेट जागच्या जागी होती, पुरती मागं गुंडाळलेली. चोर व्यवस्थित होता.

संशयाचं बी पेरावं लागत नाही, ते तणासारखं आपोआप उगवतं. तुळशीरामच्या मनात पहिला कोंब फुटला तो मनोहरच्या नावाचा.

मनोहर शांताबाईचा धाकटा भाऊ. सौंसरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि संध्याकाळी गाण्याची पार्टी. बोर्डाचे सुटे भाग तोच नागपूरहून आणून द्यायचा. पहिले दोन बोर्ड धूर काढून मेले, तेव्हा ट्रान्झिस्टरवरचा नंबर खरवडून दुसरा छापलेला निघाला होता. 'मलेच फसवलं दुकानदारानं,' असं मनोहर म्हणाला होता. आणि वर एकदा म्हणाला होता, 'भाऊजी, कॅसेट मले द्या, बाईच्या ओव्या आमच्या पार्टीत म्हनू.' किल्ली दाराच्या वरच्या कोनाड्यात असते, हे त्याला ठाऊक. दुपारी तुळशीराम तिगावकडे मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायला जातो, शांताबाई विहारात बायांसोबत बसायला जाते, हेही ठाऊक.

शांताबाईवर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. पूर्वी त्यानं कॅसेट लावली की ती पदर सावरून परसात निघून जायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं सौंसरची बस पकडली.

"या या भाऊजी! बोर्ड जळला का तिसरा?" मनोहर हसला.

"काल दुपारी कुठी होता तू?"

"जामसांवलीले. मंदिरापाशी एकाचा माईक बिघडला होता. काऊन?"

"पांढुर्ण्याले नाई आला?"

मनोहरनं सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. "सिद्दं बोला ना. काय चोरलं मी तुमचं?"

"मी कुठी म्हनलं चोरलं?"

"डोये म्हनून राहिले ना तुमचे! तीस वर्षं लोकाच्या तारेवरचे आकडे पकडले तुमी, आता सासरवाडीतही आकडेच दिसून राहिले तुमाले." मग आवाज उतरवून म्हणाला, "बहीन हाय माही थे. तिच्या घरात मी किल्ली शोधून घुसीन?"

चहा आला. तुळशीरामनं तो तसाच ठेवला. परतीच्या बसमध्ये त्याला वाटत राहिलं, साधा माणूस इतका लवकर चिडत नाही.

घरी येऊन त्यानं सापळा लावला. मेणबत्तीचा एक थेंब ट्रान्झिस्टरच्या तापलेल्या पाठीवर पाडला. तो पाण्यासारखा चकाकत राहिला. टेप वाजला, की मेण गोठणार, पांढरं पडणार. मग जेवण झाल्यावर मोठ्यानं म्हणाला, "तिगावले जाऊन राहिलो वो, साडेचार होतीन." शांताबाईनं मान हलवली.

सायकल रेल्वे फाटकाजवळच्या टपरीला टेकवून तो अर्ध्या तासानं पायीच परतला. कोनाड्यात किल्ली नव्हती. दार आतून लोटलेलं. आणि दाराच्या फटीतून आवाज येत होता, भुंगा नसलेला, धुतल्यासारखा:

जात्याच्या खुट्याले हात माहा थकेना,
बाई, पोटातलं बोलनं ओठापाशी रुकेना...

'आला हाती,' म्हणत त्यानं दार ढकललं.

शांताबाई टेपसमोर बसली होती. हातात ओलं फडकं होतं, त्यानं ती बोर्डाचा पत्रा पुसत होती, तापलेल्या लेकराचं कपाळ पुसावं तशी. आणि तिचे ओठ हलत होते. टेपमधली शांता गात होती, ही शांता तिच्यासोबत बिनआवाजाची गात होती. मध्येच फितीवरची भुकटी झडलेली जागा आली, दोन शब्द गळून गेले. ओठ मात्र थांबले नाहीत. गळलेले शब्द त्यांनी भरून काढले.

तिनं मागं पाहिलं आणि दचकून टेप बंद केला.

"विहारात जात होती ना तू?"

तिनं मान खाली घातली. मग श्वासानं म्हणाली, "तुमच्या म्होरं आयकवत नाई. तुमी माह्याकडं पायता."

"अन् हे फडकं?"

"तुमी रोज हात लावून पायता ना. गरम लागलं त समजीन तुमाले. म्हनून थंड करत होती."

तुळशीराम तिच्या शेजारी खाली बसला. त्याला हसू आलं.

"अवो, उलटं हाय याचं. तू आयकते तवाच हे थंड होते. नाई आयकलं त जयते."

ती बोर्डाकडे पाहत राहिली. हातातलं फडकं तिनं खाली ठेवलं.

"थे दोन शब्द गेले," तो म्हणाला. "तुले येते सारं?"

तिनं नुसती मान हलवली. येते.

त्यानं मोबाईल काढून मनोहरला लावला. तिकडून मनोहरचा आवाज आला, कोरडा. "आता काय हरवलं?"

"काई नाई हरवलं. चुकलो मी, मनोहर. उद्या ये. कॅसेट उतरवून घ्याची वायर आन, अन् वही आन. तुही बहीन सांगीन, तू लिही. जे फितीवर नाई उरलं, थे."

"पयले माफी, मंग वायर."

"मांगतली ना आत्ताच!"

"मोठ्यानं मांगा, दुकानात लोकं हाय, आयकू द्या."

शांताबाईचे खांदे हसण्यानं हलले. तुळशीरामनं मोठ्यानं माफी मागितली. मग तोंड भिंतीकडे करून बसला, तिच्याकडे न पाहता, आणि म्हणाला, "लाव. मी नाई पायत."

थोड्या वेळानं कळ दाबल्याचा आवाज आला. ट्रान्झिस्टरच्या पाठीवर फडक्यातून वाचलेलं कणभर मेण होतं, टेप बंद होता तेवढ्यात पुन्हा वितळलेलं. ते हळूहळू पांढरं पडत गेलं.