रामराम, माझ्या माणसांनो

"रामराम, माझ्या माणसांनो," मोतीराम बोडके घसा साफ करून म्हणाले, आणि इंदिरानगरातल्या बागेमागच्या मैदानात चारी बाजूंनी कुत्री धावत आली.

मोतीरामांनी मोबाइल तोंडापासून जरा लांब धरला, कुत्र्यांना हातानेच गप्प बसायला सांगितलं आणि पुढचं वाक्य घेतलं. आजचं भाषण पाणीप्रश्नावर होतं. आवाज मोतीरामांचा, ढब पुढारी गोटीरामअण्णांची. शब्दाचं शेपूट ओढायचं, 'विरोधक' म्हणण्याआधी एक श्वास थांबायचं, 'विकास' म्हणताना छातीवर हात ठेवायचा. छातीवर ठेवलेला हात रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही हे त्यांना माहीत होतं. पण हात न ठेवता म्हटलं की वाक्य खोटं वाटतं, असा त्यांचा अनुभव होता.

"इथं पाणी प्या, अण्णा," ते मोबाइलला म्हणाले. मंजुळा नावाची म्हातारी कुत्री तेवढ्यात उठली आणि समोरच्या डब्यातलं पाणी पिऊन आली.

गोटीरामअण्णांना वाचता येत नव्हतं असं नाही. पण चष्मा लावला की ते हुबेहूब वडिलांसारखे दिसत, आणि वडील दोनदा निवडणुकीत पडले होते. तेव्हा व्यासपीठावर चष्मा नाही आणि म्हणून कागदही नाही. मोतीराम भाषण लिहीत, मग ते अण्णांच्या ढबीत बोलून, कुठे थांबायचं, कुठे पाणी प्यायचं, कुठे आवाज भरून आणायचा या सूचनांसकट व्हॉट्सअॅपवर पाठवत. अण्णा ते गाडीत लावत आणि चांदवडहून नाशिकला येईपर्यंत पाठ करून टाकत. पाठांतर इतकं पक्कं होतं की एका सभेत "इथं आवाज भरून आणा" हेही ते भरल्या आवाजात बोलून गेले. टाळ्या पडल्या.

अण्णांच्या घरी सगळे मोतीरामांना सर म्हणत. त्यांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलेलं नव्हतं. ते एका स्थानिक दैनिकात मुद्रितं तपासत असत. पुढे दैनिक बंद पडलं आणि त्यानंतरही शहरातलं शुद्धलेखन होतं तिथेच राहिलं, हे त्यांच्या मनाला जरा लागलं होतं. आपल्याकडे खिशाला पेन असलेला माणूस रिकामा दिसला की लोक त्याला सर म्हणतात आणि काहीतरी लिहून मागतात. तसंच झालं.

भाषणं हा त्यांचा धंदा, तर कुत्री हे व्यसन. मैदानातल्या प्रत्येक कुत्र्याला त्यांनी स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन नसबंदीला नेलेलं होतं. प्रत्येकाच्या कानावर त्याची खूण म्हणून बारीकशी चीर होती. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणं, सोसायट्यांच्या चेअरमनांना समजावणं, पोरांना दगड मारू नका म्हणून सांगणं, हे त्यांचं वर्षानुवर्षं चालू होतं. चेअरमन ऐकून घेत. पोरं तेवढंही करत नसत.

"तुमचा दोष नाही," छायाताई म्हणत. त्या त्यांच्या पत्नी. "नावातच मोती आहे."

छायाताई पोळ्या करून देत, पण फाटकापाशी कुत्री जमवायची नाहीत ही त्यांची अट होती. म्हणून संध्याकाळी मोतीराम पोळ्यांचा डबा आणि मोबाइल घेऊन मैदानात येत आणि दोन्ही कामं एकदम उरकत. भाषण रेकॉर्ड होई तोवर कुत्री समोर बसून ऐकत आणि भाषण संपलं की पोळ्या मिळत. काही वर्षांत कुत्र्यांचं पक्कं झालं की हा माणूस "रामराम, माझ्या माणसांनो" म्हणाला की नंतर जेवण असतं. या वाक्यावर एवढा विश्वास ठेवणारं दुसरं कोणी मतदारसंघात नव्हतं.

मोतीराम अण्णांकडून काही घेत नसत. त्यांची मागणी एकच होती. प्रत्येक भाषणात ते एक परिच्छेद घालत: मुक्या प्राण्यांसाठी शहरात एक चांगला दवाखाना हवा, नसबंदी झालेलं कुत्रं त्याच्या त्याच्या गल्लीत परत सोडलं पाहिजे, ती त्याची जागा आहे. तो परिच्छेद अण्णांनी एकदा सभेत म्हणायचा, म्हणजे अण्णांना त्याला जागावं लागेल, असा मोतीरामांचा हिशेब होता. इतकी वर्षं राजकीय भाषणं लिहिणाऱ्या माणसाने असा हिशेब करावा, हे नवल आहे. पण स्वतःचं पीक चांगलंच वाटतं माणसाला.

अण्णा तो परिच्छेद दर वेळी गाळत. वेळ पुरला नाही म्हणत. ज्या सभेत त्यांनी आईच्या हातच्या पिठल्याचं सविस्तर वर्णन केलं, त्या सभेतही वेळ पुरला नव्हता.

"या वेळी बोलणार, सर. आईशपथ," अण्णांनी निवडणूक लागल्यावर सांगितलं. आई शेजारीच लसूण सोलत बसलेली होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला.

आणि खरोखर, अण्णा बोलले.

सभा त्याच मैदानात होती. अण्णांनी माइक हातात घेतला आणि भोंग्यांतून आवाज घुमला, "रामराम, माझ्या माणसांनो!" अण्णा आता मोतीरामांनी केलेल्या अण्णांसारखे इतके तंतोतंत बोलत, की कुत्र्यांचीही फसगत झाली. बागेच्या भिंतीआडून, खुर्च्यांखालून, महिला आघाडीच्या पायांतून वाट काढत ती आली आणि व्यासपीठासमोर ओळीने बसली. मंजुळा सगळ्यांत शेवटी आली, आणि तिला मध्ये जागा मिळाली.

लोक हसायला लागले. अण्णा क्षणभर गांगरले. अशा वेळी पाठ असलेलंच तोंडात येतं, आणि त्यांच्या तोंडात तो परिच्छेद आला. दवाखाना आला, गल्ली आली, "ती त्याची जागा आहे" हेही आलं. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता: वर अण्णा, खाली कुत्री, दोन्हीकडे सारखीच उत्सुकता. व्यासपीठामागे मोतीराम बराच वेळ चष्मा पुसत उभे होते.

सभा संपल्यावर अण्णांचा पुतण्या अमोल त्यांना चहाला घेऊन गेला. प्रचाराची सगळी सूत्रं त्याच्याकडे होती.

"सर, ती कुत्री कशी काय आणलीत तुम्ही?"

आपल्या कामाबद्दल कोणीतरी विचारावं, याची मोतीराम कित्येक वर्षं वाट पाहत होते. त्यांनी सगळं सांगितलं. पोळ्यांचं, रेकॉर्डिंगचं, सलामीच्या वाक्याचं. अमोलने चहा गार होऊ दिला, पण एक शब्द सोडला नाही. इतक्या लक्षपूर्वक त्याने काकांचं भाषणही कधी ऐकलं नव्हतं.

पुढल्या आठवड्यात एक मुलगी शिकवणीहून येताना स्कूटीवरून पडली. कुत्रं मागे लागलं म्हणून पडली की मोबाइल बघत होती म्हणून, यावर दोन मतं होती. पण मतं असलेल्या सोसायट्या सगळ्या एका बाजूला होत्या. त्यांची एकत्र बैठक झाली आणि अण्णा तिला हजर राहिले. मोतीरामांना या बैठकीचं कळलं नाही. ते घरी बसून अण्णांसाठी 'जनतेपासून काहीही लपवणार नाही' या विषयावर लिहीत होते.

ते भाषण रेकॉर्ड करायला ते संध्याकाळी मैदानात गेले.

"रामराम, माझ्या माणसांनो," ते म्हणाले.

कोणी आलं नाही. त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं. बागेत फेऱ्या मारणारे एक गृहस्थ थांबले आणि "रामराम" म्हणून पुढे गेले. मोतीरामांनी डब्याचं झाकण वाजवलं. भिंतीपलीकडे पाहिलं. पाण्याचा डबा भरलेला होता तसाच होता.

बागेच्या फाटकाशी कुसाबाई मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसायची. ती त्यांच्याकडे बघत होती आणि ते बघतात असं दिसलं की जुड्यांवर पाणी शिंपडत होती. शेवटी तेच तिच्यापाशी गेले.

"कुत्री कुठे गेली, कुसाबाई?"

"आसं का इचारता, सर?" ती म्हणाली. "तुमीच तर नेली."

"मी?"

"दुपारी गाडी आली व्हती ना. अन्नाच्या प्रतिष्ठानची. भोंग्यातून तुमीच बोलत व्हते. हितं पानी प्या अन्ना, आसं बी म्हनले." तिने एक जुडी उचलून पुन्हा तिथेच ठेवली. "दोरी नाय, काठी नाय. आपली शेपट्या हलवत चढली गाडीत. म्हातारीला चढता येईना, तर तिला त्या मानसानं उचलून घेतली. तिनं त्याचा हात चाटला."

मोतीरामांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"मला वाटलं तुमी आत बसलेले," कुसाबाई म्हणाली. "म्हून म्या काय बोलले नाय."

अण्णांच्या बंगल्यावर गर्दी होती, पण सरांना आत सोडण्यात आलं. अण्णा जेवत होते. त्यांनी आग्रहाने बसवलं, ताट मागवलं आणि मोतीराम काही म्हणायच्या आत स्वतःच विषय काढला. हे त्यांचं नेहमीचंच होतं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाची तक्रार ते त्याच्यापेक्षा जास्त कळवळ्याने सांगत.

"एकालाबी मारलं नाय, सर. मी अमोलला बजावलं व्हतं, सरांची कुत्री हायेत, नख लागता कामा नये. घोटीच्या पुढं सोडलीत. भाताची शेतं, मोकळी हवा. आपल्याला तरी कुठं मिळती?"

"आधी मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नाय म्हणाला असता. मग मला तुमचं मन मोडावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं."

या घरासाठी इतकी उत्तरं त्यांनीच लिहून दिली होती, पण हे त्यांनी लिहिलेलं नव्हतं. अण्णांचं हे स्वतःचं होतं, आणि चांगलं होतं.

"ती माझ्या आवाजावर आली, अण्णा," ते एवढंच म्हणाले.

"तेच म्हणतो मी. माया हाय तुमच्या आवाजात." अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "शेवटच्या सभेचं उद्या पाठवा. आणि तो मुक्या प्राण्यांचा परिच्छेद ठेवा बरं का. लोकांना लय आवडला."

सकाळी मोतीराम उठले तेव्हा स्वयंपाकघरात छायाताई पोळ्या करत होत्या. रोजच्यापेक्षा चवड मोठी होती आणि पोळ्यांना तूप लावलेलं होतं. त्या टोमणा मारतील म्हणून मोतीराम थोडा वेळ दारात थांबले. छायाताईंनी डबा भरला, पाण्याची बाटली पिशवीत घातली आणि "घाटाच्या बाजूला गार असेल, मफलर घ्या," असं सांगितलं.

जागा विचारायला त्यांनी अमोलला मेसेज केला होता. अमोलने ताबडतोब लोकेशन पाठवलं, सोबत जोडलेले हात.

घोटीच्या पुढे रस्ता सोडून स्कूटर आत घातली. भात कापून झालं होतं. खाचरांत नुसती धसकटं उभी होती आणि बांधांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. माणूस दिसत नव्हता. मोतीरामांनी स्कूटर लावली आणि बांधावर चढून "यू, यू" केलं. शीळ घातली. मंजुळाला नावाने हाक मारली. ती हाक हवेतच राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं की ही नावं ते फक्त घरी छायाताईंशी बोलताना घेत. कुत्र्यांसमोर त्यांनी कधी नावाने हाक मारलीच नव्हती. कुत्र्यांशी ते कायम भाषणातच बोलले होते.

म्हणजे त्यांना बोलावायचं एकच वाक्य उरलं होतं.

खिशात मोबाइल थरथरला. अमोलचा मेसेज होता: सर, भाषण? त्यांनी मोबाइल बंद करून परत खिशात टाकला.

मग, ढब न घेता, शेपूट न ओढता, छातीवर हात न ठेवता, त्यांच्या स्वतःच्या बारीक आवाजात ते म्हणाले, "रामराम, माझ्या माणसांनो."

दोन खाचरं पलीकडे काहीतरी हललं. मंजुळा उठून उभी राहिली. एवढ्या लांबूनही कानावरची चीर ओळखू आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. शेपटी एकदा हलली.

मोतीरामांनी डब्याचं झाकण काढलं आणि एक पाऊल पुढे टाकलं.

तशी ती मागे सरली. पोट जमिनीला लावून, मागच्या मागे, जड पायांनी ती पेंढ्याच्या उडवीआड गेली. उडवीच्या कडेने तिचा तेवढा कान दिसत राहिला. बाकीची कुठेच दिसली नाहीत.

मोतीरामांनी पुन्हा हाक मारली नाही. त्यांनी पोळ्या कुस्करून बांधावर ठेवल्या, डब्याच्या झाकणात पाणी ओतलं आणि ते जरा दूर जाऊन पाठ फिरवून बसले. ऊन वर आलं. मागे पेंढा सळसळल्यासारखा वाटला, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

निघताना त्यांनी स्कूटर सुरू केली नाही. गाडीचा आवाज ऐकून ती आणखी लांब जाईल, असं त्यांना वाटलं. कच्च्या रस्त्याने, धसकटांच्या कडेकडेने, ते स्कूटर हाताने ढकलत डांबरी सडकेपर्यंत गेले.