खालची पापणी

कळंबच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसणाऱ्या राजेश्वरीला लोक दिवसातून निदान चार-पाच वेळा विचारत, "बाई, बरं न्हाय का?" सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत ती तिथे असे, लातूरच्या, बार्शीच्या, येरमाळ्याच्या गाड्या माईकवर पुकारी, नोंदी करी, आणि तिची तब्येत चांगली ठणठणीत होती. डोळ्यांखाली मात्र तरुणपणापासूनच फुगीर पिशव्या होत्या आणि त्यांच्या खाली, गालाच्या हाडापाशी, दोन काळसर खळगे. चाळिशी उलटली तसे ते खोल गेले. गाढ झोपून उठली तरी चेहरा रडून रडून थकल्यासारखा दिसे. काकडीच्या चकत्या झाल्या, फ्रिजमधले थंड चमचे झाले, तऱ्हेतऱ्हेची मलमं झाली. एकदा येरमाळ्याची गाडी विचारायला आलेल्या एका म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं, जाळीतून दोन बोटं आत घातली आणि हळहळून म्हटलं, "घरातलं कोण गेलं गं, माय?" त्या दिवशी राजेश्वरीनं ठरवलं.

सोलापूरहून दर गुरुवारी धाराशिवला येणारे डॉक्टर मल्लिकार्जुन शांत स्वभावाचे होते. त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. क्रीमनं रंग थोडा उजळेल, पिशवी जाणार नाही. खळग्यात फिलरचं इंजेक्शन देता येतं, पण ते कालांतरानं विरतं, आणि वर पिशवी तशीच असली तर चेहरा सुजल्यासारखा दिसतो. तिच्यासाठी शस्त्रक्रियाच बरी: खालच्या पापणीला आतून छेद द्यायचा आणि पुढे आलेली चरबी काढून न टाकता खळग्यात पसरायची. बाहेर व्रण दिसत नाही.

"काही आठवडे झोपेत पापण्या पूर्ण मिटणार नाहीत," ते म्हणाले. "मलम लावत जा. घाबरू नका."

नवरा दिग्विजय, ज्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं, तो आधी हसला. "आता या वयात तुला कोण बघायलंय?" पण दुकान बंद ठेवून तो तिच्याबरोबर गेला आणि सगळं होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

तीन आठवड्यांनी सूज आणि निळेपणा ओसरला, तेव्हा आरशातला चेहरा पाहून राजेश्वरीला खरोखर रडू आलं. खळगे नव्हते. पिशव्या नव्हत्या. ती कामावर गेली तर चालक-वाहक विचारू लागले, "म्याडम, माहेरी जाऊन आलात का?" आता कुणी तब्येत विचारत नव्हतं. दुपारी घरी येऊन, जेवून, ती आतल्या खोलीत तासभर आडवी होई, तेव्हा तिला इतकी गाढ झोप लागे की उठल्यावर आपण कुठं आहोत हे क्षणभर कळत नसे.

अशाच एका दुपारी ती उठून बाहेर आली, तर सासू गिरिजाबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "लई बरं वाटलं बग आज तुझ्यासंगं बोलून."

"कधी बोललो आपण, आत्या?"

"आत्ताच की. तू पडली व्हतीस, जागी व्हतीस, म्हणून म्या बसले."

राजेश्वरीनं हसून डॉक्टरांचं सांगितलं, झोपेत पापण्या उघड्या राहतात म्हणून. गिरिजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सोळा वर्षांत त्या दोघींत भाजी-भाकरीपलीकडे फारसं बोलणं झालेलं नव्हतं.

"काय सांगत होतात?" तिनं विचारलं.

"काय न्हाय," त्या म्हणाल्या, आणि कपबशी घेऊन उठल्या.

पुढच्या रविवारी दिग्विजय दुपारी घरीच होता. ती उठली तेव्हा तो पलंगापासून दूर, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता.

"तू झोपेत बघायलीस," तो म्हणाला.

"डोळे उघडे राहतात. डॉक्टर म्हणालेच होते."

"उघडे राहतात असं म्हणत नाही मी. मी दारातून खिडकीकडं गेलो, तू खिडकीकडं बघितलंस. कपाटाकडं गेलो, तू कपाटाकडं. आणि तू घोरत होतीस, राजेश्वरी."

तिनं ते चेष्टेवारी नेलं. पण त्यानंतरच्या रविवारी तो जेवण होताच दुकानात गेला, आणि पुढेही जाऊ लागला.

ती पुन्हा धाराशिवला गेली. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले, टॉर्च मारला, पापणी बोटानं दाबून पाहिली, नर्सलाही जवळ बोलावून दाखवलं. "छान मिटतायत. मधे फटसुद्धा नाही."

"झोपेत?"

"झोपेतसुद्धा आता पूर्ण मिटतच असणार. तो प्रश्न संपला."

बसमधून परतताना सोयाबीनची शेतं मागे पडत होती. तो प्रश्न संपला असेल, तर दुपारी घरातल्या माणसांकडे कोण बघत होतं?

त्या संध्याकाळी तिनं चौथीत शिकणाऱ्या शिवांजलीला जवळ घेतलं. मुलगी अलीकडे तिच्याजवळ फारशी येत नव्हती. रोज दुपारी मात्र शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून ती आतल्या खोलीत शिरायची, हे राजेश्वरीला गिरिजाबाईंकडूनच कळलं होतं.

"मी झोपलेली असताना तू काय करतेस गं तिथं?"

"कविता म्हणून दाखवते. सगळ्या. चित्रं पण दाखवते."

"मग मी काय करते?"

"बघतेस." शिवांजलीनं थोडा विचार केला. "मधेच 'पुरे' नाही म्हणत."

राजेश्वरीनं दुपारची झोप सोडली. आल्या आल्या ज्वारी निवडायला बसे, कपाटं आवरी, डोळ्यांवर पाणी मारी. पण रात्रीही पाठ टेकली की आपला डोळा लागल्यावर आपल्या जागी कोण येईल या धास्तीनं ती दचकून उठू लागली. आठ-दहा दिवसांत माईकवर बार्शीच्या गाडीला तिनं लातूरची म्हणून पुकारलं. माणसं चढली, उतरली, ओरडली. साहेबांनी बोलावलं तेव्हा ती म्हणाली, मला झोप नाही, मला बरं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही तर अगदी टवटवीत दिसताय, बाई." ती आरशाशी गेली. खरंच. दहा दिवसांच्या जागरणाची एक रेघ चेहऱ्यावर नव्हती. जणू आतल्या कुणीतरी भरपूर विश्रांती घेतली होती.

त्या दुपारी तिचं अंग चालेना. तिनं ओढणीची घडी डोळ्यांवर घट्ट बांधली, मागे दोन गाठी मारल्या आणि झोपली. जाग आली तेव्हा ओढणी उशाशी नीट घडी करून ठेवलेली होती, आणि पलंगाजवळच्या स्टुलावर गिरिजाबाई बसल्या होत्या. त्यांचे डोळे ओले होते, चेहरा हलका झालेला होता.

"हे कुणी सोडलं?"

"म्याच. तिला दिसंना..." त्या थांबल्या. "तुला गुदमरत आसंल, म्हणून."

"आत्या, 'तिला' म्हणजे कुणाला?"

गिरिजाबाई स्टूल उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी घरी आली, जेवली, आणि रोजच्यासारखी पलंगावर आडवी झाली. ती झोपली नाही. तिनं पापण्या जेमतेम किलकिल्या ठेवल्या आणि श्वास सावकाश केला. पंखा फिरत होता. थोड्या वेळानं दार अलगद लोटलं गेलं. गिरिजाबाई स्टूल घेऊन आत आल्या. पदर सारखा केलेला, केस विंचरलेले. मागोमाग शिवांजली, छातीशी चित्रांची वही धरून. दोघींच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जो राजेश्वरीनं या घरात स्वतःसाठी कधी पाहिला नव्हता.

गिरिजाबाई वाकल्या. मिश्रीचा वास जवळ आला. त्यांनी त्या दोन फटींमधून आत, खूप वेळ, खोलवर पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मावळत गेला. त्या सरळ झाल्या, त्यांनी स्टूल उचललं, आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल बाळा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "ती न्हाय आली. आज नुस्ती तुझी आईच हाय."