पांढऱ्यावर काळं

लॉन्ड्रीवाल्या विहीणबाई आणि बेकरीवाले व्याही यांचं एरवी चांगलं गूळपीठ. भांडण काय ते धुराचं. लेक-जावयाची खोली दोन्ही दुकानांच्या बरोब्बर मधे, वरच्या मजल्यावर. एक खिडकी बेकरीच्या भट्टीकडे, दुसरी लॉन्ड्रीच्या भट्टीकडे. त्या खोलीत दोघांची एकुलती एक नात महिनाभर खोकत होती. डॉक्टरांनी धुरापासून जपायला बजावलं होतं. पोर खोकली की विहीणबाई हातातली इस्त्री बाजूला ठेवून वर धावायच्या.

दोष अर्थात व्याह्यांचा. मोडक्या कपाटांच्या रंगवलेल्या फळ्या भट्टीत घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर धूर आलेलाच असणार, असं त्या लेकीला दिवसभर ऐकवत. शेवटी त्यांनी व्याह्यांना गाठलंच.

साच्यातून पाव काढता काढता व्याही शांतपणे म्हणाले, "विहीणबाई, तोंडी आरोप नकोत. पांढऱ्यावर काळं दाखवा."

पांढऱ्याला लॉन्ड्रीत काय तोटा? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक पांढरीशुभ्र चादर बेकरीकडच्या खिडकीवर चिमटे लावून टांगली. संध्याकाळी काढली, तर चिमट्यांखालची जागा तेवढी पांढरी उरली होती. चादर खांद्यावर टाकून त्या तरातरा बेकरीत गेल्या.

व्याह्यांनी ती निरखून पाहिली. मग गल्ल्यामागून दुसरी चादर काढून शेजारी पसरली. तीही तितकीच काळी.

"तुमची पाहिली, म्हणून मीही एक लावली," ते म्हणाले. "लॉन्ड्रीकडच्या खिडकीवर."

विहीणबाईंना आपल्या भट्टीत जाणारे खोके, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या आठवल्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी गत झाली होती. त्यांना मनापासून लाज वाटली. तेवढ्यात वरून नात खोकली आणि दोघांच्याही माना खाली गेल्या.

पुढच्या महिन्यात दोन्ही भट्ट्या गॅसवर आल्या. पावाला पूर्वीची चव नाही म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरली, पण व्याह्यांनी ते कानाआड केलं. नातीचा खोकला हळूहळू उतरला. आता ती या खिडकीतून आजोबांना हाका मारी, त्या खिडकीतून आजीला, आणि दोघांनाही काम करू देत नसे.

एक दिवस व्याही दोन्ही चादरी घेऊन लॉन्ड्रीत आले. आता एवढ्या धुऊन टाका, म्हणाले.

"पुरावा कुणी धुतं का, व्याहीबुवा?" विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्हींच्या घड्या घालून कपाटात ठेवल्या. सहज नजरेला पडावी म्हणून वर ठेवली मात्र लॉन्ड्रीकडच्या खिडकीवरची.