शेठची बाजू

नीरजने लाल पेनने आडवी रेघ मारली आणि वही गुणवंतच्या हातात परत दिली.

"हे तुमचं मत झालं, दादा. शेठचं नाही."

रेघ मारली होती ती या वाक्यावर : 'हा माणूस एक नंबरचा हलकट असून लोकांना नाडणं हाच त्याचा धंदा.' लिहिताना गुणवंतने पेन इतकं दाबलं होतं की अक्षरं मागच्या पानावर उमटली होती. आणि बिल्डिंगमधलं हे तेवीस वर्षांचं पोरगं, दादरच्या कुठल्याशा नाट्यशिबिरात पंधरा दिवस बसून आलेलं, त्याच्यावर खुशाल रेघ मारतं. गुणवंतच्या डोक्यात तिडीक गेली.

तिडीक जायला कारणही तसंच होतं. गोडदेवची ही चंद्रिका अपार्टमेंट, चोवीस फ्लॅटची, दाजीशेठने बांधलेली. गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून गुणवंत आणि अंबिका इथे आले ते एकोणनव्वद साली. आता त्र्याण्णवचे गणपती आले तरी नळाला थेंब नाही. दाजीशेठने नगरपालिकेत इमारतीचे शेवटचे कागद कधी भरलेच नाहीत आणि कागद नाहीत म्हणून जोडणी नाही. एक दिवसाआड टँकर यायचा, त्याचं पाणी मचूळ, पिवळट, आणि तेही खालून वर न्यायचं स्वतःच्या कंबरेवर. जूनमध्ये अंबिका कळशी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढताना पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हाड वाकडं जुळलं ते जुळलंच. बाईला पोळी लाटता येईना, वेणी घालता येईना.

पण अंबिका रडत बसणारी नव्हती. एकटी ठाण्याला जाऊन वकिलाला भेटून आली. वकील म्हणाले, ग्राहक मंचात तक्रार करू, पण एकट्यादुकट्याचं काम नाही, निम्म्यापेक्षा जास्त फ्लॅटच्या सह्या आणा. म्हणजे तेरा. अंबिका दारोदार फिरली, स्वतःची धरून मिळाल्या चार. बाकीच्यांचं एकच, शेठशी वाकडं कशाला घ्यायचं? अरे, चार वर्षं कळशा वाहताय, आणखी सरळ राहून काय मिळणार आहे तुम्हाला?

मग नीरजने गणपतीसाठी एकांकिका लिहिली. बिनपाण्याची इमारत, तिच्यातले भाडेकरूसारखे वागवले जाणारे मालक आणि एक शेठ. अंबिकाने ठरवलं की पडदा पडला की रंगमंचाशेजारी टेबल मांडायचं. लोक चिडलेले असतील, तेव्हाच सह्या घ्यायच्या. म्हणून गुणवंतने शेठचं काम अंगावर घेतलं होतं. लोकांना असा चीड आणणारा शेठ दाखवीन की बस.

आणि नीरज म्हणे, बाजू घ्या.

"तो सकाळी उठून पहिलं काय करतो? कोणाला घाबरतो? लोकांकडून त्याला हवंय काय? हे लिहा," नीरज सांगत होता. "कुठलाच माणूस आरशात बघून स्वतःला हलकट म्हणत नाही, दादा. नटाने पात्राची बाजू घ्यायची. फक्त अर्धा तास."

"माझ्या बायकोचा हात मोडला त्याच्यापायी. आणि मी त्याची बाजू घेऊ?"

"नका घेऊ. मग लोकांना फक्त चिकटवलेल्या मिशा दिसतील."

गुणवंत वही आपटून निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. जाणार कुठे? शेठसारखं पोट बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाला नव्हतं.

दाजीशेठच्या ऑफिसात तो याआधी वीसदा तरी गेला असेल, पण दर वेळी भांडायला. या खेपेला बघायला गेला. चार संध्याकाळी कामावरून सुटला की तडक तिथे, कोपऱ्यातल्या बाकावर. आणि जे दिसलं त्याने त्याचं रक्त जास्तच उकळलं.

म्हातारं कोणी आलं की दाजी खुर्चीतून उठायचा. प्रत्येकाच्या पोरांची नावं तोंडपाठ. "आधी पानी घ्या, मग बोला," म्हणत स्वतःच्या हाताने माठातलं गार पाणी द्यायचा. तक्रारीचा अर्ज दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि खणात टाकायचा. तो खण म्हणजे विहीर, त्यातून काही वर आलेलं कोणी पाहिलं नाही. आणि आवाज? समोरचा जितका तापेल तितका दाजीचा आवाज खाली जायचा. इतका खाली की ऐकायला पुढे वाकावं लागे. वाकलेल्या माणसाला ओरडता येत नाही. गुणवंतला आठवलं, आपणही वाकलो होतो. वीसच्या वीस वेळा तेच पाणी पिऊन, वाकून, "बरं शेठ, बघा जरा," म्हणून घरी आलो होतो. आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

त्या रागात त्याने अकरा पानं लिहिली. दाजीला काय हवंय? पैसा तर कोणालाही हवा असतो. याला त्याहून जास्त हवं होतं ते लोकांनी चांगला म्हणणं. ऑफिसातून एक जरी माणूस तोंड वाकडं करून गेला तरी त्याला जेवण जात नसेल. नळ देणं हे कष्टाचं काम, गोड बोलणं सोपं, आणि सोप्यावर भागत असेल तर कष्ट कोण करतंय? नीरजने अकराही पानं वाचली. एकही रेघ मारली नाही.

प्रयोगाला दाजीशेठ स्वतः हजर, पहिल्या रांगेत, गळ्यात हार. मांडव आणि दिवे त्याने दिले होते, तेव्हा कमिटीने त्यालाच प्रमुख पाहुणा केलेला. अंबिका नको म्हणत होती. सेक्रेटरी म्हणाले, येऊ दे, शरमेल तरी.

कसला शरमतोय. गुणवंत रंगमंचावर आला, एका म्हाताऱ्याला बघून खुर्चीतून उठला, हळू आवाजात त्याच्या नातवाची चौकशी केली आणि मांडवात हशा पिकला. लोकांनी माणूस ओळखला होता. दर वाक्याला टाळी. शेवटी शेठ रिकाम्या ऑफिसात एकटा बसून स्वतःशीच विचारतो, आज कोणी रागावून तर गेलं नाही ना, तिथे बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आणि दाजीशेठने रुमाल.

पडदा पडला तसा दाजी वर चढला आणि गुणवंतला मिठी मारली. "गुणवंतराव, मला वाटला मीच बोलतोय. तुमी वलखलात मला."

खाली टेबलाशी अंबिका डाव्या हातात पेन धरून बसली होती. कोणी फिरकलं नाही. तळमजल्याच्या हंसाबेन जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्हारे मिस्टर ने तो कमाल कर दिया. शेठ भी बिचारा अकेला क्या क्या करेगा?" बिचारा! एवढ्यावर भागलं नाही. आधी सही केलेले दोघं आले आणि आपली नावं खोडून घेऊन गेले. चाराच्या दोन राहिल्या, त्यातली एक तिची स्वतःची.

घरी आल्यावर अंबिकाने दार लावलं. "वा. फार सुंदर झालं काम. चार वर्षांत त्याला जे जमलं नाही ते तुम्ही अर्ध्या तासात करून दिलंत."

"अगं, भूमिका अशीच करावी लागते. नीरज म्हणतो..."

"नीरजला घाला चुलीत. त्या नाटकात जिन्यावर पडणारी एक बाई आहे. तिला वाक्यं किती? एक. ती सकाळी उठून काय करते, कोणाला घाबरते, हे लिहिलं कोणी? बाजू घ्यायची तर माझी घ्यायला काय झालं होतं तुम्हाला?"

स्वतःचा इतका संताप गुणवंतला आयुष्यात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्याने कागद उचलला आणि निघाला. पहिल्या तीन दारांत तो नुसता ओरडला. लाजा वाटत नाहीत का, बायकोचा हात बघा माझ्या, अक्कल गहाण टाकलीत का. तिन्ही दारं तोंडावर बंद. चौथं हंसाबेनचं. तिथेही तो तोंड उघडणार, तोच हंसाबेन घाबरून मागे सरल्या आणि त्याचा आवाज आपोआप खाली गेला.

"हंसाबेन, घुटना कैसा है? आप पहले बैठो."

हंसाबेन बसल्या. तो आणखी हळू बोलू लागला आणि त्या ऐकायला पुढे वाकल्या. पाच मिनिटांत सही झाली. त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. आत नुसता जाळ होता, चेहऱ्यावर मात्र साय.

मग तो थांबलाच नाही. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाच्या आईचा मोतीबिंदू, सगळ्यांची आस्थेने चौकशी. एका दारात सांगितलं, आता सगळेच करतायत, तुम्हीच मागे राहाल. दुसऱ्या दारात तर चक्क म्हणाला की या कागदाने शेठलाच मदत होणार आहे, वरून जोर आला की कामं पटकन होतात. तक्रार कोणाविरुद्ध हे कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आदल्या दिवशी नावं खोडणाऱ्या दोघांनीही परत सही केली, वर चहा पाजला. काय म्हणावं या लोकांना? आणि काय म्हणावं याला?

बारा वाजता त्याने कागद अंबिकापुढे ठेवला. तिने बोट फिरवत नावं वाचली. सोळा.

"कसं काय केलंत?"

त्याने खुर्ची ओढली. "तू आधी बस. हात दुखतोय का? सकाळपासून काही खाल्लंस की नाही?" आवाज अगदी मऊ, अगदी खालच्या पट्टीत.

अंबिका ऐकायला पुढे वाकली. आणि वाकल्या वाकल्या तिच्या लक्षात आलं. ती ताठ झाली, तिने खुर्ची मागे सारली.

"माझ्याशी ह्या आवाजात बोलायचं नाही," ती म्हणाली.

गुणवंतला ओरडायचं होतं. कालपर्यंत ओरडायचा तसं, नरड्याच्या शिरा ताणून, स्वतःच्या आवाजात. त्याने तोंड उघडलं. "असं का बोलतेस गं," तो हळूच म्हणाला, आणि ते ऐकून तो स्वतःच दचकला.

अंबिकाने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. "उद्या ठाण्याला जाते," ती म्हणाली. "मी एकटी जाईन."