उशिरा उठणारे उंदीर

डॉ. नंदकुमार उंदरांच्या खोलीत कधी पाय ठेवत नसत. शर्टाला वास लागतो म्हणे. मुलुंडच्या त्या संशोधन संस्थेत एकवीस वर्षं पिंजरे धुणाऱ्या, पिल्लं मोजणाऱ्या जयंतीला एवढ्यावरूनच माणूस कळला होता. शोधनिबंध लिहायचे उंदरांवर आणि उंदीर बघायचे फोटोत!

सरांचा दावा असा, की धावायची वेळ उंदराला आईबापांकडून मिळते. संध्याकाळी सातला खोलीतले दिवे जात आणि उंदीर पिंजऱ्यातल्या चाकावर चढत. लवकर धावणाऱ्यांची जोडी लवकरवाल्यांशी, उशिरा धावणाऱ्यांची उशिरावाल्यांशी, अशा सहा पिढ्या झाल्या होत्या. आता एक घराणं सात-दहाला सुरू व्हायचं, दुसरं आठ-वीसला. ही सत्तर मिनिटं घेऊन सर सोसायट्यांमधून व्याख्यानं देत फिरत. "आमच्या घरात सगळे पहाटे चारला उठतात. रक्तात असावं लागतं!" त्यांचा मुलगा मिहिर अकराला उठतो, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं.

जयंतीला वेगळंच दिसत होतं. उशिरावाल्यांचे पिंजरे दाराशी होते. दाराखालच्या फटीतून पॅसेजच्या ट्यूबलाइटचा उजेड थेट त्यांच्यावर यायचा आणि वॉचमन दशरथ ती आठला बंद करायचा. उजेडात उंदीर कशाला बाहेर पडतोय?

तिने सरांना सांगितलं.

"जयंतीबाई, तुम्ही भुसा बदला. विज्ञान आम्ही बघतो."

मग तिने सरांच्या विद्यार्थिनीला, अनुपमाला गाठलं. "रक्त कसलं गं! ट्यूबलाइट आहे ती. फटीला काळा पुठ्ठा लाव आणि बघ सरांची कशी वाट लागते."

अनुपमाने रीतसर अर्ज केला. सरांनी फोनवर बोलता बोलता, न वाचताच सही ठोकली. पुठ्ठा लागला. दोन्ही घराण्यांत नवी पिल्लं जन्मली, मोठी झाली, चाकावर चढली. तीन महिने जयंती मनातल्या मनात सरांचं तोंड पडलेलं बघत होती.

शेवटी अनुपमा कागद घेऊन आली. लवकरवाले सात-दहाला. उशिरावाले सात-पंचेचाळीसला.

"अर्धा फरक उजेडाचा होता, ताई, तुमचं बरोबर होतं. पण पस्तीस मिनिटं उरतातच. या पिल्लांनी तो उजेड कधी पाहिलाच नाही. ती आईबापांचीच."

जयंतीला ते झोंबलं. या माणसाचं, तेही न बघता, अर्धं खरं निघावं? तिने कागद दोनदा वाचला. उंदरांनी काही तिच्यावर उपकार म्हणून धावायचं नव्हतं.

सरांनी समोसे मागवले. "मी म्हणतच होतो! अनुपमा, लिही. सत्तर मिनिटं."

"पस्तीस, सर," जयंती दारातून म्हणाली.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"पुठ्ठ्याच्या अर्जावर सही तुमची आहे. तारखेसकट. अर्ज वाचला नसेल तर आणून देते."

सर अनुपमाकडे वळले. तिने मान वर केली नाही. "पस्तीसच लिहिलंय, सर. सत्तर असेल तर माझं नाव काढा."

शोधनिबंध पस्तीस मिनिटांचा फरक लिहूनच छापायला गेला. माणूस आधी चुकला, मग खोटं बोलायला निघाला आणि तरी अर्धा बरोबर ठरला, याचा जयंतीला राग आला. मान मात्र तिने त्याला तेव्हाही दिला नाही.

समोसा तिने खाल्ला. तो दशरथने आणला होता.