आमंत्रण नसलेली पंगत

स्लावाला कुणाला बोलवायचं नसतं. घराण्याच्या संताचा दिवस असतो, दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो. आमंत्रण दिलं तर लोक वर्षभर नावं ठेवतात. झिवानाला हा नियम लहानपणापासून माहीत होता. पण तो पाळून मेजवानी आखणं म्हणजे किती माणसं, हे न कळता पोळ्यांचं पीठ भिजवणं, हे तिला या डिसेंबरात उमगलं.

सासरे स्वेतोझार यांनी पन्नास वर्षं गावात केलेला संत निकोलाचा स्लावा यंदा मुलाच्या, रातोमिरच्या, हवाली केला होता. खुशीने नव्हे, गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून. झ्रेन्यानिन शहरातल्या मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात संताची तसबीर टांगतानाच त्यांनी अट घातली.

"शहरात कोण कुणाला ओळखतं? पावणेपाचच्या बसपर्यंत बघतो. एक जरी पाहुणा आला तर तसबीर इथे. नाही तर ती माझ्याबरोबर गावी परत. गुडघे गेले खड्ड्यात."

रातोमिरने मान खाली घातली. चाळिशीचा माणूस, कारखान्यात साठ जणांवर देखरेख करतो, पण बापापुढे दहा वर्षांचा होतो. झिवानाला त्याला एकदा तरी यजमान म्हणून ताठ उभं राहिलेलं बघायचं होतं.

ती पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथल्या दोघींचा त्याच दिवशी स्वतःचा स्लावा होता आणि तिसरी बाळंतपणाच्या रजेवर. म्हणजे भिस्त इमारतीवर. इथे राहायला येऊन दीड वर्षच झालेलं, ओळख जिन्यावरच्या नमस्कारापुरती. "तुमचा स्लावा कधी?" असं विचारणं म्हणजे आडून आमंत्रणच. मग तिने युक्ती काढली. खुर्च्या मागायच्या! खुर्च्या मागितल्या की शहाण्याला कळतं.

"शुक्रवारी चार खुर्च्या मिळतील का?" तिने समोरच्या बोसिल्काला विचारलं. बोसिल्का विधवा, निवृत्त पोस्टवाली. तिचा आवाज अजूनही पत्त्यावर पोचायचा.

"शुक्रवारी? छे गं बाई, एकही नाही!" बोसिल्का म्हणाली. "उलट तुझ्याकडे मोठं पातेलं असेल तर दे. शुक्रवारीच लागेल."

झिवानाने पातेलं दिलं. खालच्या मजल्यावर मिलुतिननेही खुर्च्यांना नकार दिला आणि वर मोठी परात मागून नेली. पहिल्या मजल्यावरून बारा काचेचे पेले गेले. काय हावरट माणसं आहेत, असं तिला वाटलं. पण देणाऱ्याला लोक विसरत नाहीत, या हिशेबाने तिने वीस माणसांचा अंदाज धरला.

वीस माणसांसाठी तिने नाताळाआधीच्या उपवासाचा, म्हणजे मांस-दूध वर्ज्य पण मासा चालतो असा, सगळा थाट मांडला. अक्रोड-भात भरलेल्या कोबीच्या शंभर गुंडाळ्या, भट्टीत शिजवलेला घेवडा, तीन मोठे कार्प मासे, दाराशी चमचाभर द्यायचं उकडलेल्या गव्हाचं गोड. रातोमिर आरशासमोर "या, या, बसा" म्हणायचा सराव करत होता.

"एवढं दात काढून नको," झिवाना म्हणाली. "दंतवैद्य वाटतोस."

शुक्रवार उजाडला. बाहेर बर्फ, आत मेणबत्ती. बारा वाजता दाराची कडी काढली, पण थंडीमुळे दार नुसतं लोटून ठेवलं. स्लावाच्या दिवशी यजमानाने बसायचं नाही आणि घर सोडायचं नाही. रातोमिर नव्या बुटांत दाराशी उभा राहिला. पन्नास वर्षं उभे राहिलेले स्वेतोझार मात्र आज खुर्चीत बसले होते, आणि आपल्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

एक वाजला. दीड वाजला. जिन्यावर पावलं वाजायची, रातोमिर छाती पुढे काढायचा, आणि पावलं थांबायची. कुणीतरी डोकावून परत जातंय असं वाटायचं.

"मासा थंड झाला," स्वेतोझार म्हणाले.

"होऊ दे, बाबा."

"पाहुणाही थंडच दिसतोय."

अडीच वाजता त्यांनी टोपी घातली. "सूनबाई, तसबीर गुंडाळायला कागद काढून ठेव. मी जरा हवा खाऊन येतो."

रातोमिरची छाती आत गेली. झिवाना काही बोलणार, तोच बाहेरून पत्त्यावर पोचणारा आवाज आला.

"आला! अगं पोरींनो, आला! पहिला पाहुणा आला!"

ती धावत बाहेर आली. समोरच्या दारात बोसिल्काने स्वेतोझारांचा कोट धरला होता आणि तिच्या तिन्ही मुली त्यांच्या तोंडापुढे गव्हाचे चमचे नाचवत होत्या. आत तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती, खच्चून भरलेलं टेबल. मध्यभागी झिवानाचं पातेलं. आणि रिकाम्या खुर्च्यांची रांग.

"म्हणजे तुमच्याकडेही निकोला?" झिवानाने विचारलं.

"मग पातेलं कशाला मागितलं होतं मी? अंघोळीला?" बोसिल्का म्हणाली. "कळलं नाही तुला?"

"तुम्हाला खुर्च्यांचं कळलं का?"

झिवानाला परात आठवली, पेले आठवले. मग झिवाना जिना उतरत सुटली. दुसऱ्या मजल्यावर आवाज ऐकून दार उघडलेला मिलुतिन ताठ उभा, मागे तिच्या परातीत अख्खा मासा. समोरच्या दारातही एक ताठ यजमान. पहिल्या मजल्यावर तिचे बारा पेले भरून ठेवलेले. सहा घरांपैकी एक बंद. उरलेल्या पाचही घरांत निकोला, आणि पाचही यजमान सकाळपासून एकमेकांची वाट बघत उभे! ती पायरीवरच बसली आणि पोट धरून हसली. मग तिने वर तोंड करून ओरडून सांगितलं. एवढं मोठ्याने ती आयुष्यात कधीच बोलली नव्हती.

"घर यजमानाने सोडायचं नाही! बाकीच्यांना पाय आहेत ना? मग निघा!"

जिना गजबजला. मिलुतिनची सासू काठी टेकत वर निघाली, पहिल्या मजल्यावरची जुळी पोरं तिला ढकलत, बोसिल्काच्या मुली खाली. प्रत्येक घरातून एक यजमान सोडून सगळे बाहेर आणि दुसऱ्यांचे सगळे आत. झिवानाच्या गुंडाळ्या अर्ध्या तासात चाळीसवर आल्या. रातोमिर "या, या, बसा" म्हणत होता, दात न काढता, आणि त्याचं ऐकून माणसं खरोखर बसत होती.

आणि स्वेतोझार? जन्मापासून या दिवशी ते कधी कुणाकडे गेलेच नव्हते. कसे जाणार? आधी यजमानाचा मुलगा म्हणून ताटं उचलायची, मग यजमान. आज प्रथमच त्यांना कुणी "बसा" म्हणत होतं. बोसिल्काकडे ते दोन पेले बसले, मिलुतिनकडे तीन. पावणेपाचला गाडी धरायला म्हणून निघाले, ते पहिल्या मजल्यावर अडकले. तिथून त्यांच्या गाण्याचा आवाज येऊ लागला.

"बस गेली, बाबा!" झिवाना वरून ओरडली.

"कोणती बस?" खालून उत्तर आलं.

सहा वाजता ते वर आले. हातात कुणीतरी दिलेली संत्र्यांची पिशवी. दार सताड उघडं असूनही त्यांनी बाहेरून घंटा वाजवली. आतली गडबड थांबली. रातोमिर दाराशी आला. बापाने टोपी काढली, मुलाचा हात हातात घेतला, आणि गावात पन्नास वर्षं स्वतः ऐकलेले शब्द मोठ्याने म्हटले:

"स्लावा मंगल असो, यजमान."

रातोमिर ताठ उभा राहिला. त्याने पेला पुढे केला. घाईघाईत ओतलेली राकिया, ती फळांची कडक दारू, अर्धी जमिनीवर सांडली.

"भर नीट," स्वेतोझार म्हणाले. "आणि लवकर भर. खाली गाणं अर्धं सोडून आलोय, ते लोक माझ्याशिवाय चुकीच्या चालीत म्हणतायत."