गाळलेला जिन्नस

ब्रिटाच्या जेवणाच्या छापील पट्टीवर सूपच्या जिन्नसांत काजू नव्हता, हे पाहूनच कर्स्टन दचकली. कारण त्याखालच्याच पट्टीवर, दुसऱ्या एका मुलाच्या त्याच सूपमध्ये, काजू होता.

डुलुथ शहरातल्या शाळांना जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरासाठी तिने लिहिलेली संगणकाची स्क्रिप्ट आज पहिल्यांदा चालली होती. प्रत्येक मुलाची पदार्थांची यादी, त्या यादीत प्रत्येक पदार्थाच्या पोटात त्याच्या जिन्नसांची यादी. मुलाला चालणाऱ्या जिन्नसांशी सगळं ताडायचं आणि जेवणाची पट्टी छापायची. सूप मात्र सगळ्यांसाठी एकाच भांड्यात शिजत होतं.

तिने कोड उघडला आणि चूक लगेच दिसली. तिची गाळणी आतल्या यादीला लागली होती. न चालणारा शब्द तेवढा गळला, पदार्थ तसाच राहिला. काजूही भांड्यातच राहिला, आणि ब्रिटाला काजूची अॅलर्जी होती.

"काय झालं गं? पांढरी पडलीस," शेजारच्या टेबलावरून टॉड म्हणाला. "सकाळी तपासणीत सगळं हिरवं, म्हणजे बरोबर आलं होतं ना?"

"हिरवंच येणार! पट्टीवर नको तो जिन्नस नाही, एवढंच तपासलं आपण. तो शब्द तर मीच खोडत होते."

तिने शाळेच्या जेवणघरात फोन लावला. वाढणाऱ्या डोरीनबाईंनी उचलला.

"मोठ्याने बोल, पोरी. इथे ताटांचे ढोल वाजताहेत."

"दुसरीतली ब्रिटा. तिला सूप देऊ नका."

"अगं, पट्टीवर काजू नाही. मी चष्मा लावून वाचलंय."

"पट्टी चुकीची आहे. माझी चूक आहे. आधी तिच्यासमोरचा वाडगा उचला, बाई, धावत जा!"

फोन कट्ट्यावर आपटला. कोणीतरी खदखदून हसलं, खुर्ची फरफटली. कर्स्टनची बोटं आपोआप चालत होती: एक जरी जिन्नस चालत नसेल तर अख्खा पदार्थच वगळ. हे दोन ओळींचं काम होतं. काल ते का सुचलं नाही, हा विचार तिने बळेच बाजूला सारला. पलीकडे कोणीतरी रडत होतं. लहान मुलीचा आवाज.

"डोरीन? डोरीन!"

"आहे, आहे." बाईंना धाप लागली होती. "चमचा भरला होता. गरम आहे म्हणून फुंकत बसली होती. तोंडाला लावलं नाही म्हणते. नर्स इंजेक्शन घेऊन शेजारीच बसलीय."

"मग रडतंय कोण?"

"तीच. वाडगा हिसकला ना मी! भूक लागलीय तिला. आता देऊ काय?"

पडद्यावर ब्रिटाच्या नावापुढे दोनच पदार्थ उरले होते, मक्याचा पाव आणि सफरचंद. पण ही यादीही तिच्याच स्क्रिप्टने काढली होती.

"सफरचंदावर काही लावलंय?"

"सफरचंदावर काय लावणार? नुसतं धुतलंय."

"कापलंत?"

"नाही अजून."

"कापू नका. हात धुवा, पुन्हा एकदा धुऊन अख्खंच द्या."

"आणि पाव?"

"पाव राहू दे आज."

"फारच घाबरलीस गं," बाईंचा आवाज मऊ झाला. नळ सुरू झाला, बंद झाला. मग बराच वेळ फक्त मुलांचा कल्ला.

"खातेय," डोरीन म्हणाली. "ठेवू फोन?"

"नको," कर्स्टन म्हणाली. "तिचं संपेपर्यंत चालूच ठेवा."